रा. रा. साबुदाणाशास्त्री यांस अनावृत पत्र



आईच्या मधुमेहाच्या खटल्यात आमच्या घरातले सगळे गुन्हेगार पकडले गेले. आंबा हद्दपार झाला, आईच्या चहातली साखर गेली, 'मी तर नैसर्गिक' म्हणणारा गूळही शेवटी अडकला. आपण तेवढे मोकळे. कारण आपण उपवासाचे!

आपलं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या कसाव्यात, हल्ली मुक्काम तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत. इथल्या शेतात जन्मभर राबलेल्या गहू-तांदळाला एकादशीला दारात उभं करत नाहीत आणि आपल्याला थेट देवघरात प्रवेश. काय वशिला आहे! 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे 88 ग्रॅम कर्बोदकं. प्रथिनं धड 1 ग्रॅमही नाहीत. वर बटाटा आणि चवीपुरती साखर. शेंगदाण्याचं कूट थोडी लाज राखतं, तेवढंच.

सत्तरीच्या माणसांवर आपला विशेष लोभ. दात नसले तरी चालतं, म्हणून मऊ खिचडीची दुसरी वाटी. दोन तासांनी ग्लुकोमीटर तीनशेच्या घरात जातो आणि आई निरागसपणे म्हणते, "अरे, आज मी काही खाल्लंच नाही. उपवास ना!"

संकष्टीला तर आपली कमालच. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची आणि मग चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही. गोळीला पंचांग कळत नाही, ती आपली साखर उतरवत बसते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. उतारवयात ही लक्षणंही नीट दिसत नाहीत, घरचे म्हणतात, "वय झालं आता." एखाद्या वेळी मोरीत तोल जातो, खुबा मोडतो. आपण तेव्हा पातेल्यात निवांत भिजत असता.

आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना उपवासात सूट आहे, हे एवढ्या वर्षांत आपल्या तोंडून कधी ऐकलं नाही. असो, धंद्याचा प्रश्न आहे.

उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते आता डॉक्टरांनी लिहून दिलंय. येत्या एकादशीला आईच्या ताटात दही, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचं छोटं थालीपीठ आणि आपण फक्त चार चमचे. भगरीला बोलावलेलं नाही. तीही काही साधू नव्हे. आपण मात्र खचून जाऊ नये. शेजारच्या काकूंनी आईसाठी आपल्या वड्यांचा डबा आधीच कबूल केलाय, आणि तो कोणत्या कपाटात लपवायचा हेही दोघींचं ठरलंय.

आपला,
ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची बिलं भरणारा एक मुलगा