पाणसळीतील बुडबुड्यास अनावृत पत्र

मेहरबान बुडबुडेसाहेब, मुक्काम पाणसळ, यांचे सेवेशी,

खोताच्या वाडीतील तळमजल्याच्या एका खोलीचा भाडेकरू सविनय कैफियत सादर करतो की, गेल्या रविवारी मिस्त्रींनी आपणांस आमच्या जमिनीवर आडवे ठेवताच आपण एका बाजूस धावलात, आणि जिच्यावर तीन पिढ्यांची रांगणी, पंगती व भांडणे निर्वेध पार पडली ती जमीन वाकडी असल्याचा निकाल, कोणाचा जाबजबाब न घेता, देऊन मोकळे झालात. आपण नेहमी उंच बाजूकडेच धावता, याविषयी तक्रार नाही. तो स्वभाव काचेच्या नळीबाहेरही पुष्कळांचा आहे. तक्रार आहे ती निकालाच्या अंमलबजावणीविषयी.

आपल्या हुकुमाच्या आधारे दुकानदाराने चार फूट बाय दोन फुटांच्या, तोंड पाहून घ्यावे अशा व्हिट्रिफाइड फरशीची शिफारस केली. आमची जुनी फरशी आठ इंची चौरस, सिमेंटची, यंत्रात दाबून पाण्यात मुरवलेली, भट्टीचे तोंडही न पाहिलेली. कुलाब्याच्या अफगाण चर्चसाठी मिंटनच्या फरश्या विलायतेहून आल्या होत्या. पुढे १९२२ साली सिधवा काका-पुतण्यांनी 'भारत' हे नाव देऊन स्वदेशी फरशीचा कारखाना काढला, त्या परंपरेतली ही गरीब नातलग. परंतु लहान असल्यामुळे ती जमिनीच्या चढउताराशी जुळते घेते. चारफुटी फरशी अशा जागी तीन कोपऱ्यांवर टेकते, चौथ्याखाली पोकळी राहते, आणि तिच्यावर एकदा वरवंटा निसटला की तुकडे वेचण्यावाचून गत्यंतर नाही.

"मालाचा थर देऊन लेव्हल करू," असे मिस्त्री म्हणतात. साहेब, दीड इंच माल आणि वर फरशी मिळून जमीन सुमारे दोन इंच उचलली जाणार. मग दार खालून कापावे लागणार, उंबरा जमिनीत गडप होणार, आणि आजवर उंबऱ्यापाशी थबकणारे गल्लीतले पावसाचे पाणी आप्तेष्टांप्रमाणे बिनदिक्कत आत येणार. चिकटवण्याच्या मसाल्याचा थर पडला पाच-सहा मिलिमीटरचा. त्याने इंचभर खड्डा झाकण्याची अपेक्षा म्हणजे पावडरीने देवीचे व्रण बुजवणे होय. आपोआप सपाट होणारे द्रावण ओतावे, तर तेही आपल्यासारखेच तत्त्वनिष्ठ: मोरीकडचा ढाळसुद्धा बुजवून टाकील.

येथेच आपल्या न्यायातील व्यंग आहे. आमच्या जमिनीत वाकडेपणा दोन प्रकारचा आहे. कपाटाखालील खड्डा हा भराव खचल्याचा दोष, तो निर्विवाद मान्य. मोरीकडचा उतार मात्र कोण्या अनामिक गवंड्याने दोरी धरून बुद्ध्याच दिलेला आहे. बादलीभर पाणी ओतून खराटा फिरवला की ते आज्ञाधारकपणे मोरीत जाते. आपणांस या दोहोंत भेद दिसत नाही, कारण आपण पाण्याच्या जातीचे असूनही आपणांस वाहणे ठाऊक नाही. शिवाय तळमजल्याच्या जमिनीखालची ओल जुन्या फरशीतून हळूहळू उडून जाते; वर जवळजवळ पाणी न शोषणारे कवच घातले, तर ती सांध्यांतून आणि भिंतींतून आपला रस्ता शोधील.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोतांनी येथील जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या, असे सांगतात. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, वाडीच्या नावात राहिली. आता काचेच्या नळीतून नवा खोत वसुलीस आला की काय, अशी शंका येते.

सबब अर्ज की, फरशी वाजवून जेवढी पोकळ बोलेल तेवढीच काढावी, खाली भराव चोपून खड्डा भरावा, त्याच मापाच्या फरश्या पुन्हा बसवाव्यात, ढाळ जसाच्या तसा राखावा, आणि उंबऱ्यास कोणीही हात लावू नये.

आपला,
एक कलता भाडेकरू

ता. क. : निकाल लागेपर्यंत कपाटाच्या डाव्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी कायम ठेवली आहे.