कॉटखालच्या विटा

लोखंडी कॉटची उंची कॉट बनवणारा ठरवतो, अशी ज्यांची समजूत आहे ते वरळीच्या बीडीडी चाळीत राहिलेले नसावेत. आमच्याकडे ती विटा ठरवत. थोरल्याचं लग्न होईपर्यंत पायाखाली एक वीट, सून आली की दोन, नातवंडं झाली की तीन. कॉटवर एक पिढी झोपायची, कॉटखाली दुसरी. उरलेल्या जागेत ट्रंका, पाट, गणपतीचं मखर आणि मे महिन्यात गावाहून आलेले फणस. रात्री कॉटखालून कोणी दचकून उठलं की टाळक्यावर जो आवाज व्हायचा, त्यावरून शेजारी चौथ्या विटेची शिफारस करायचे.

या सगळ्याचं मूळ 1920च्या दशकात. लॉइडसाहेब गव्हर्नर असताना बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं कामगारांसाठी सिमेंट-काँक्रीटच्या चाळी बांधायला काढल्या. एकट्या वरळीत 121 इमारती, तळमजल्यावर तीन मजले, इमारतीत 80 खोल्या आणि खोली 160 चौरस फुटांची. संडास सामायिक. सरकारनं खोली तेवढी दिली. आतल्या वस्तूंनी कसं वागायचं, ते खोलीनंच त्यांना शिकवलं. खुर्ची मिटायला शिकली, टेबल भिंतीला टेकून उभं राहायला शिकलं आणि माळा पोटमाळ्याच्या तोऱ्यात वावरू लागला.

पुढे 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून एक अहवाल लिहिला. त्यातूनच 1961मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कोणाचं करावं? तांब्याचं! पाणी किती मावावं, हाताला कसा बसावा, कमरेवर-डोक्यावर कसा तोलावा, उन्हात हाताला कसा लागेल, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येईल, मोडीत किती येतील... मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीही इतकी चौकशी केली नसती. शेवटी त्यांनी निर्वाळा दिला की हे काम एका माणसाचं नव्हे, पिढ्यान् पिढ्यांचं.

आमच्या आजीला हे आधीच ठाऊक होतं. बोहारीण दारात आली की आजी पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकायची, तळहातावर वजन जोखायची आणि मग तीन साड्यांच्या जागी दोनच पुढे करायची. अहवाल तिनं कधी लिहिला नाही. बोहारणीनं मात्र तो तोंडपाठ केला असावा, कारण पुढच्या खेपेला ती घासाघीस न करता थेट दोन साड्यांवर यायची.

तांब्याचं कौतुक मला मान्य आहे, पण ईम्सद्वयीनं चाळीत एखादी सकाळ काढायला हवी होती. 1937मध्ये बाजारात आलेला डालडा घराघरांत शिरला आणि त्याचा ताडाच्या झाडाचा पिवळा डबा तूप संपल्यावर खरा कामाला लागला. कोणी त्यात तुळस लावली, कोणी रॉकेल ठेवलं. पण त्याचा परमोच्च अवतार म्हणजे टमरेल. त्याला दुसरंही एक काम होतं: रांगेत मालकाचा नंबर धरणं. मालक जांबोरी मैदानाकडे बघत दात घासतोय आणि त्याचा डबा इमानेइतबारे दोन डब्यांच्या मध्ये उभा, असं दृश्य रोजचं. एकसारख्या डब्यांच्या गर्दीत आपला ओळखायचा कसा? पोचे बघून. स्टीलच्या भांड्यांवर नाव, गाव, लग्नाची तारीख कोरून घेण्यामागेही हेच शहाणपण. वाटीभर साखर घेऊन गेलेली वाटी ओळखीची खूण नसेल तर परत येत नाही.

आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. 2025च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. घर 500 चौरस फुटांचं. आमच्या हाती किल्ली यायच्या आधीच धाकट्यानं इंटिरियरवाला बोलावला. त्यानं मोबाइलवर एक पलंग दाखवला. दांड्यावर उचलला की खाली पेटीएवढी जागा. मग छताखालचा लॉफ्ट, भिंतीला मिटणारं टेबल, एकात एक बसणारी स्टुलं. जागा वाचवण्याची ही अगदी नवी पद्धत आहे, असं म्हणून त्यानं जो आकडा सांगितला त्यात जुन्या भावानं अख्ख्या मजल्याच्या कॉटा विटांसकट आल्या असत्या. बाबांनी पलंगाचं चित्र दोनदा पाहिलं आणि खाली माणूस झोपू शकतो का, एवढंच विचारलं. इंटिरियरवाला हसला. बाबा हसले नाहीत.

आईनं चित्रं बघितलीच नाहीत. तिचा एकच प्रश्न होता, पिंप कुठे राहणार?

"काकू, तिकडे चोवीस तास पाणी आहे."

"असू दे की. पिंप कुठे?"

नकाशात स्वयंपाकघराशेजारच्या कोपऱ्यात त्यानं कुंडीतला बांबू योजला होता. आईनं त्यावर बोट ठेवलं. बरीच बोलणी झाल्यावर तडजोड ठरली: कोपऱ्यात पिंप आणि पिंपाच्या झाकणावर बांबू.