टार्गेटवाले भाऊ

बुलडाणा जिल्ह्यात तालुके 13. काही घाटावर, काही घाटाखाली. भाऊंची मोटारसायकल मात्र बारमाही घाटातच. बियाण्याच्या कंपनीत ते मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह. कंपनीने त्यांना चिखली, मेहकर आणि देऊळगाव राजा दिलं. उरलेला जिल्हा त्यांनी समाजसेवेच्या नावाखाली स्वतःच घेतला.

बॅगेत सोयाबीनची पत्रकं आणि रक्तदान शिबिराची पत्रकं एकाच कप्प्यात. घाईत हात चुकतो. कृषी केंद्रावर एखादा शेतकरी नवीन वाणाची माहिती मागतो आणि त्याच्या हाती कागद पडतो: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो. तो बिचारा शांतपणे विचारतो, "भाऊ, हे पीक किती दिवसाचं म्हनाव?"

भाऊंच्या डायरीत प्रत्येक कृषी केंद्रवाल्याच्या नावापुढे दोन रकाने आहेत, थकबाकी आणि रक्तगट. वसुलीला गेले की आधी पहिला रकाना काढतात. दुकानदार कापसाच्या भावाचं रडगाणं सुरू करतो. भाऊ ते पूर्ण ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "पैशाचं राहू द्या मालक. रविवारी एक बाटली तरी द्या." परिणामी, ही कंपनी उधारीपोटी रक्त काढते, अशी चिखलीच्या बाजारात वदंता आहे.

एकदा रक्त दिलं की माणूस भाऊंच्या फॉलोअपमधून सुटत नाही. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येतं. भाऊंचा फोन ती मुदत संपल्याच्या सकाळी, दूधवाल्याच्याही आधी येतो. मोताळ्याकडे एबी निगेटिव्ह गटाचे एक गुरुजी आहेत. त्यांची बदली होऊ नये म्हणून भाऊंनी नवस बोललाय. मुलीच्या वाढदिवसालाही घरी शिबिर. पाहुण्यांना आधी आडवं करतात, मग केक. वैनी आता अहेराऐवजी रक्तगटच लिहून ठेवतात.

खरी पंचाईत जूनमध्ये. जागतिक रक्तदाता दिन 14 जूनला, म्हणजे ऐन मृगात. पेरणीची घाई, वर्षाचं टार्गेट याच दिवसांत. साहेबांचा फोन येतो, "आज किती बॅगा गेल्या?" भाऊ छाती फुगवून सांगतात, "बावन्न, सर!" साहेब खूश होतात. कोणत्या बॅगा, हे महिनाअखेर कळतं.

भाऊ एकदा शेगावला गजानन महाराज संस्थानात सेवेला गेले. तिथे सेवाधारी पाळीपाळीने येतात, मोबदला न घेता झाडण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत सगळं करतात आणि समोरच्याला 'माऊली' म्हणतात. बॅनर नाही, सत्कार नाही. भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ग्रुप फोटो कवा काढतेत?" शेजारचे वयस्क सेवाधारी म्हणाले, "महाराज पाहून रायले नं, माऊली." भाऊ दिवसभर गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र ते जोडे ठेवणाऱ्या भक्तांना टोकनाबरोबर रक्तगट विचारताना सापडले.

भाऊंना हसणं सोपं आहे. त्यांना पाहून कृषी केंद्राच्या मागच्या दाराने निसटणारे दुकानदार मी पाहिलेत. त्यातल्याच एकाच्या सुनेला बाळंतपणात रात्री दोनला रक्त लागलं, तेव्हा त्याने पहिला फोन भाऊंनाच केला. भाऊंनी थकबाकीचा रकाना झाकला, दुसरा उघडला आणि पहाटेपर्यंत दोन दाते दवाखान्यात उभे केले. दहा ठिकाणी 'नाही' ऐकून अकराव्या दारावर त्याच हसऱ्या चेहऱ्याने जायचं, हे मार्केटिंगवाल्याशिवाय कोणाला जमतं? नुसता सज्जन माणूस तिसऱ्या नकारालाच घरी गेला असता.

साठवलेलं रक्त जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतं आणि उन्हाळ्यात कॉलेजं बंद झाली की दाते आटतात. तेव्हा मे-जूनमध्ये भाऊंचा फोन आला तर उचला. बियाण्याचं नंतर पाहू म्हणालात तरी ते रागावणार नाहीत.