रावण रंगीत, सावली फुकट

"काय गं, चार दिवस कुंपणापाशी दिसली नाहीस?"

"कुडाळला नणंदेकडं गेले होते, आक्का. जवळच पिंगुळी. तिथं ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघितला."

"ठाकर म्हंजे आपल्या डोंगरातले?"

"नाव तेच, पण हे कोकणातले. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता त्यांना. चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या, तिन्ही कला घरात."

"पेठेतनं मंचरच्या बाजाराला निघायचं तर तुझे गुडघे दुखतात, आणि बाहुल्यांसाठी कोकण!"

"ऐका तरी! पांढरा पडदा, मागं दिवा. चामडं इतकं पातळ, की रंगवलेला रावण पडद्यावर रंगीतच उमटतो. दागिन्यांच्या जागी बारीक भोकं, त्यातनं उजेड टिपक्याटिपक्यानं येतो. बाहुली पडद्याला चिकटवली की नाक-डोळे स्वच्छ. जरा दिव्याकडं ओढली, की रावण फुगत जातो आणि कडा पुसट होतात. पोरं किंचाळली! परशुराम गंगावण्यांनी तर गोठ्याचंच म्युझियम केलंय. 2021 ची पद्मश्री त्यांना."

"गोठ्याचं? मग गुरं कुठं बांधली?"

"ते विचारायचं राहिलं बघा."

"मेलं महत्त्वाचं तेच राहतं तुझं!"

"नणंदेची पोरगी चित्रकला शिकते. ती म्हणाली, मामी, नलिनी मालानींचं काम बघ. जन्म कराचीचा, 1946 चा, शिकल्या मुंबईच्या जे. जे.त. 2012 ला जर्मनीत, कासेलला, त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळकांड्यांवर आतल्या बाजूनं चित्रं काढून ती छताला टांगली. पाच नळकांडी, सगळी फिरती. त्यातनं प्रोजेक्टरचा उजेड गेला, की चित्रं खोलीभर भिंतीवरनं पळतात. पडदा नाही, माणसं मधेच उभी. त्यांच्या सावल्याही चित्रात मिसळतात."

"म्हंजे तिकीट काढून माझीच सावली बघायची? ती तर वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात रोज बघते."

"तुमच्या सावलीवरनं फिरतं चित्र जातं का पण?"

"नाय जात. पण माझ्या गुडघ्यांना पिंगुळीच बरी. निदान बसून बघता येतं."

"मग दिवाळीनंतर चला. कुडाळ स्टेशनवरनं लांब नाही. मात्र खेळ बघायचा तर आधी कळवून जाऊ."

"कळव. आणि गुरांचं मी विचारीन."