उंदरांच्या पंगतीत

संत्र्याच्या ठेल्यासमोर उभा नागपूरकर प्रत्येक फळ दाबून, फिरवून, हुंगून बघतो आणि वर दोन जास्तीची मागतो. तोच माणूस जिममधल्या भाऊकडून बोटाएवढी काचेची बाटली घेताना एक प्रश्न विचारत नाही. या श्रद्धेचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून मी करतो.

आमच्या शेजारचा मुलगा खांदा दुखतो म्हणून बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड टोचून घेतो. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पावडर, लेबलवर 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही'. इतका प्रामाणिक विक्रेता अख्ख्या सीताबर्डीत सापडायचा नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे व्यायाम सांगितला होता. पण त्यात सुईच नव्हती, गुण यावा कसा?

"काका, इन्शुलिनबी पेप्टाइडच राहते ना!" खरंय. तुळस झाड, धोत्राही झाडच.

शास्त्राचा आधार भक्कम आहे. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संशोधकांनी बीपीसी-१५७वर वर्षानुवर्षं काम केलं. तुटलेल्या कंडरा सांधल्या, पोटातले व्रण भरले. उंदरांचे. माणसांवरचे प्रयोग बोटांवर मोजण्याइतके, म्हणजे वाचायचे कष्टही कमी. खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या 'वाडा'नं २०२२ पासून त्यावर बंदी घातली. मग दम असणारच! भारतात औषध म्हणून मंजुरी नाही, पण मंजुरीचं काय घेऊन बसलात? २०२३ साली इथल्याच कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून एफडीएनं अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा नमुना उचलला, तर आत औषधच नव्हतं. हा दाखला मुलगा फार आवडीनं देतो. नमुना उचलला म्हणून चोरी सापडली, एवढं मी त्याला सांगत नाही. त्याच्या बाटलीचा नमुना कोणीच उचलणार नाही. उगाच झोप कशाला उडवा?

पार्सल मे महिन्यात आलं. पंचेचाळीस डिग्रीत दिवसभर कुरिअरच्या गाडीवर फिरलेली बाटली आता फ्रिजमध्ये, दही आणि उरलेल्या सावजी रश्श्याच्या मधोमध थंड होतेय. पावडरीत पाणी किती, सुईत रेघा किती, हे गणित त्यानं मोबाईलवर शिकून घेतलं. एकदा दशांशाचं टिंब चुकलं. डोस दहापट गेला. "काही तं नाही झालं, काका," म्हणाला. झाला प्रयोग यशस्वी.

झाग्रेबच्या उंदरांकडे एकच गोष्ट जास्त होती. त्यांना काय टोचलं, किती टोचलं, हे कोणीतरी वहीत लिहून ठेवत होतं, आणि शेवटी आत काय झालं तेही उघडून बघत होतं.