रा. रा. सरासरीराव यांस अनावृत पत्र

रा. रा. सरासरीराव,
सा. न. वि. वि.

ओळखदेख नसताना पत्र लिहिते आहे, राग मानू नये. तुमचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला तो एका थीम पार्कच्या हेल्पलाइनवर. मी विचारलं होतं, "तुमच्या मोठ्या रोलर कोस्टरची सीट किती रुंद आहे हो?" पलीकडच्या मुलीने थोडा वेळ कीबोर्ड बडवला आणि म्हणाली, "मॅडम, नॉर्मल माणसाला बसते." मी म्हटलं, "नॉर्मल म्हणजे किती इंच?" तिने मला होल्डवर टाकलं. सात मिनिटं बासरी ऐकली, मग फोन कट झाला. तेव्हापासून मी तुम्हाला शोधते आहे.

आधी माझं सांगते. वय 46, उंची पाच फूट दोन, वजन 112 किलो. कपड्यांचे दुकानदार मला 'हेल्दी' म्हणतात, नातेवाईक 'खात्यापित्या घरची' म्हणतात आणि डॉक्टर काहीच न म्हणता चष्मा काढून टेबलावर ठेवतात. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घ्या, हे तुम्ही सुचवायच्या आत कळवते, की गेल्या वीस वर्षांत मी एक लिंबाची बाग संपवली आहे. हे पत्र वजनाबद्दल नाही. खुर्चीबद्दल आहे.

गेल्या मे महिन्यात भाऊ, भावजय आणि आठ वर्षांची भाची यांच्याबरोबर एका पार्कात गेले होते. तिकीट तुमच्याइतकंच भरलं, त्यात सवलत नव्हती. एका राइडच्या रांगेत आम्ही एक तास वीस मिनिटं उभे होतो. रांगेतल्या पंख्यांतून पाण्याचे तुषार उडत होते, भाचीने तीनदा पाणी मागितलं, एकदा 'शू' जाहीर करून मागे घेतली. शेवटी नंबर आला. मी बसले. म्हणजे माझ्या मते बसले. वरून दांडी खाली आली आणि पोटावर येऊन थांबली. एका मुलाने ती वरून दाबली, दुसऱ्याने खाली वाकून पट्टा ओढला. "मॅडम, श्वास सोडा." सोडला. "अजून सोडा." आता याहून जास्त सोडायचा म्हणजे एकदाच सुटतो, सरासरीराव. 'कट्' असा एक आवाज यायला हवा होता, तो काही आला नाही. गाडीतली बाकीची सगळी माणसं, जी पाच मिनिटांपूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हती, ती आता एक समाज म्हणून माझ्याकडे बघत होती. कोणीतरी मोबाइल वर केला. मग मला पलीकडच्या बाजूने उतरवलं, कारण आलेल्या वाटेने परत जाता येत नाही. पलीकडची वाट फोटोच्या काउंटरवरून बाहेर पडते. तिथल्या मुलाने विचारलं, "मॅडम, फोटो घेणार?" पडद्यावर भाऊ होता, भावजय होती, भाची ओरडत होती आणि तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती.

घरी आल्यावर भाचीने शेजारी, आजी, रिक्षावाले काका, सर्वांना एकच बातमी दिली : "आत्या बसत नाही त्यात." पोरगीला दोष नाही. दोष मराठीचा. आपल्याकडे बूड टेकणं आणि मावणं या दोन्हीला एकच क्रियापद आहे. कपडा बसतो, झाकण बसतं, माणूसही बसतो. तुमच्यासारख्यांना या दोन अर्थांत फरक असतो हेच कधी कळत नाही, कारण तुम्ही बसता आणि बसता. मी बसते आणि बसत नाही.

तर तुमचा शोध. तुम्ही मूळचे बेल्जियमचे निघालात. अडोल्फ केटले नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1835 साली तुम्हाला ग्रंथात जन्माला घातलं. ताऱ्याची जागा अनेकदा मोजली की प्रत्येक वेळी थोडी चूक होते. त्या सगळ्या मोजण्यांची सरासरी काढली की चुका एकमेकींना खातात आणि खरी जागा हाती लागते. हीच रीत केटलेसाहेबांनी माणसांना लावली. म्हणजे तुम्ही ती खरी जागा, आणि बाकी आम्ही सगळे मोजताना झालेल्या चुका. माझी चूक जरा मोठी, एवढंच. याच गृहस्थांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचा हिशेबही मांडला. 1972 साली त्याला बीएमआय हे नाव मिळालं आणि आता तो माझ्या प्रत्येक रिपोर्टावर लाल अक्षरात येतो. त्यांनी तो लोकसमूहाचा अभ्यास करायला मांडला होता, माझ्या एकटीचा पंचनामा करायला नव्हे. असो. एकाच माणसाने तुम्हाला खुर्ची दिली आणि मला प्रगतिपुस्तक.

पुढची गोष्ट मात्र तुम्हाला झोंबेल. 1950 च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात वैमानिकांना कॉकपिट नीट बसत नव्हतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 4,063 वैमानिकांची मापं तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं घेतली आणि या दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. आकडा आला शून्य. चार हजार निवडक, धडधाकट पुरुषांत तुम्ही एकदाही सापडला नाहीत! हवाई दलाने शहाणपणा केला आणि मागेपुढे, वरखाली होणाऱ्या खुर्च्या मागितल्या. तर, सरासरीराव, तुम्ही नाही आहात. नसूनही सिनेमागृहात, विमानात आणि पाळण्यात तुमची जागा राखीव आहे. मी आहे, चांगली ऐसपैस आहे, आणि मला जागा नाही.

आमच्या लोकलमध्ये तुम्हाला कोणी ओळखत नाही, हे सांगायला आनंद वाटतो. तिथे तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. 'चौथी सीट' ही वस्तू जगाच्या कुठल्याही नकाशात नाही, ती फक्त "थोडं सरकता का" या मंत्राने प्रकट होते. माझ्या बाकावर ती जरा कमीच प्रकट होते, हे मान्य. बायका कुरकुरतात, एखादी "एक तिकीट काढलंय ना?" असंही म्हणते, मीही ऐकून घेत नाही, आणि ठाणं येईपर्यंत कोणाची तरी सून किती वाईट आहे यावर आमचं एकमत झालेलं असतं. बाक सपाट असतो, माणसं सरकतात. तुमच्या खुर्चीला प्लास्टिकच्या ओतीव कडा असतात. त्या सरकत नाहीत आणि त्यांना सूनही नसते.

जत्रेतला पाळणेवाला तर खराच मोठा माणूस. लहानपणी त्याने मला नुसतं बघून हिशेब केला होता. मला एका पाळण्यात एकटी बसवलं आणि बरोबर समोरच्या पाळण्यात चार पोरं कोंबली. चाक तोललं गेलं. त्याने वजन विचारलं नाही, हसला नाही, धंद्याचं गणित केलं आणि मोकळा झाला. (त्या पाळण्याला एक आडवी सळई सोडून सुरक्षा म्हणून काहीही नव्हतं, हेही आता आठवतं आणि घाम फुटतो.)

इथे मला तुमच्याशी भांडताना जरा थांबावं लागतं. पार्कातल्या त्या दोन मुलांनी मला उतरवलं ते बरोबरच केलं. कोस्टर चढावरून झपकन खाली वळतो तेव्हा अंग सीटवरून वर उचललं जातं. त्या क्षणी माणसाला धरून ठेवतं ते मांडीवर, कमरेच्या हाडाजवळ टेकलेलं लोखंड. माझ्या बाबतीत ते पोटावर टेकतं, आणि पोट हे हाड नाही, ते दबतं, सरकतं. दांडी घट्ट वाटते, पण तिने काहीच धरलेलं नसतं. अमेरिकेत ऑर्लँडोला 430 फूट उंचीचा एक मनोरा होता, माणसांना वर नेऊन खाली सोडणारा. 24 मार्च 2022 ला त्यावरून 14 वर्षांचा एक मुलगा पडून गेला. बनवणाऱ्याने घातलेल्या 130 किलोच्या मर्यादेपेक्षा तो बराच वजनदार होता. चौकशीत निघालं, की त्याच्या खुर्चीचा सेन्सर हाताने सैल केलेला होता, दांडी पुरती खाली न येताही यंत्र 'ठीक आहे' म्हणत होतं. कोणीतरी त्याला 'बसतो' म्हणालं होतं. तेव्हापासून 'नाही' म्हणणाऱ्या मुलाशी मी वाद घालत नाही, उलट त्याला थँक्यू म्हणते. तो बिचारा दचकतो.

माझी तक्रार 'नाही'बद्दल नाही. ते एक तास वीस मिनिटांनी, गाडीभर प्रेक्षकांसमोर आणि भाचीच्या शेजारी बसल्यावर कळतं, त्याबद्दल आहे.

कारण हे आधी कळू शकतं. याच ऑर्लँडोत युनिव्हर्सलच्या पार्कात 2010 साली हॅरी पॉटरच्या किल्ल्यातली राइड सुरू झाली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात अनेक भरभक्कम पॉटरभक्त दारातून परत फिरले. पार्कने काय करावं? त्याच वर्षी चार जणांच्या बाकावरच्या कडेच्या खुर्च्या मोठ्या अंगांना चालतील अशा बदलून घेतल्या. आणि राइडच्या बाहेर, रांग सुरू होण्याआधी, एक तशीच खुर्ची ठेवलेली असते. नुसती खुर्ची. बसा, दांडी ओढा, बघा. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत मावसबहिणीकडे गेले असताना मी त्या खुर्चीत बसले. कर्मचारी बाईने दांडी खाली आणली, हाताने चाचपली आणि मला कडेची सीट मागायला सांगितली, ज्या सुरात आपण 'खिडकीची घ्या, वारा येतो' म्हणतो त्याच सुरात. सगळं मिळून मिनिटभर. मी किल्ल्यात जाऊन आले. उलटी होता होता राहिली, पण तो हक्काचा भाग झाला.

त्या चाचणीच्या खुर्च्यांनी आणखी एक गंमत शिकवली : 'जाड' हे काही एक माप नाही. डिस्नेच्या 'ट्रॉन' या कोस्टरमध्ये मोटारसायकलसारखं पालथं बसायचं आणि पोटऱ्यांमागून पट्टी येते. तिथे सपाट पोटाचे, व्यायामशाळेत घडलेले पुरुष पोटरीपायी अडकतात. एवढी वर्षं सगळ्या शिव्या पोटाने खाल्ल्या, पोटरीचं नाव कोणी घेतलं नव्हतं. काही कोस्टरांवर उंच, रुंद खांद्यांची माणसं अडतात, कुठे भरलेल्या छातीच्या बायका. वजनकाट्यावर दोघी सारख्याच उतरल्या तरी एक बसते, दुसरी नाही. म्हणून 'वजन किती?' हा प्रश्न पाण्यातल्या घसरगुंडीवर ठीक, तिथे वेगाचा आणि तराफ्याचा हिशेब असतो. लोखंडी दांडीला तुमचं वजन कळतच नाही, तिला फक्त वळण कळतं.

आणि मग बोटीच्या राइड्स, ज्यांत लांब बाक असतात. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही त्यांतली जुनी, 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी केलेली. 2008 साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ती काही महिने बंद ठेवून बोटी नव्या केल्या आणि पाण्याचा पाट खोल केला. लोक म्हणाले, पाहुणे जड झाले, बोटी तळाला टेकत होत्या. कंपनीने ते कबूल केलं नाही. कारण काहीही असो, पाट खोल केला, पाहुण्यांना घरी पाठवलं नाही. हे मला फार आवडलं.

तुम्हाला हे सगळं कळायचं नाही. तुमच्या मांड्या एकमेकींना घासत नाहीत. पार्कात दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं होतं. माझ्यासारखीने सकाळी व्हॅसलिनची डबी आणि साडीच्या आतली सायकलिंग शॉर्ट्स विसरली, तर दुपारी ती बदकासारखी चालते आणि लोक समजतात, दमली. वॉटर पार्कात नायलॉनचे कपडे सक्तीचे, भाड्याचे मोठ्यात मोठे कपडे सकाळी दहालाच संपतात, म्हणून आपला जोड घरूनच न्यावा. लॉकरच्या किल्लीचा पट्टा मनगटाला बंद होत नाही, तो मी केसांना बांधते. टायरमध्ये बसताना आधी उभ्याने टायर डोक्यावरून घालून मग पाण्यात बसावं. उलट केलं, तर काढायला जीवरक्षक लागतो आणि तो शिट्टी वाजवतो. लाटांच्या तलावात मात्र माझ्यासारखं कोणी नाही. तुमच्यासारखे हातपाय मारत असतात, मी निवांत तरंगते. निसर्गाने एवढी एकच राइड माझ्या मापाची केली आहे.

त्या मे महिन्यातलीच आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच दिवशी दुसऱ्या एका राइडवर भाचीलाही परत पाठवलं होतं. दारातच एक रंगीत पट्टी होती, ससा हात आडवा धरून उभा होता : एवढी उंची हवी. भाची दोन बोटं कमी पडली. तिने सशाला जीभ दाखवली आणि आम्ही दोघी कणीस खायला गेलो. दहा सेकंदांत निकाल, ना रांग, ना प्रेक्षक, ना मोबाइल. लहान मुलांची इतकी काळजी घेणाऱ्या या लोकांना एक जादा खुर्ची दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, असं मला वाटत नाही. त्यांना ते सुचत नाही, कारण त्यांनी मनाने सगळ्या खुर्च्यांत तुम्हाला बसवून पाहिलेलं असतं.

तेव्हा विनंती अशी, की आपण एकदा त्या हेल्पलाइनवर फोन करून, आपण अस्तित्वात नाही, एवढं कळवावं. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आत्या

ता. क. : भाचीने घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने सशाच्या हाताची उंची काढून ठेवली आहे. दर रविवारी तिथे पाठ टेकून उभी राहते. काल बोटभरच उरलं होतं, दिवाळीपर्यंत ती पार होईल. माझी खूण त्याच चौकटीवर आडवी कुठे करायची, ते तिने विचारलं आहे. आपल्या मापाने काही सांगता आलं, तर उलट टपाली कळवावे.