कुऱ्हाड न उचलणाऱ्यांचं काय?

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत जाऊ न दिलेला किंवा हवेतून ओढून घेतलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. एकाने तो वाचवायचा, दुसऱ्याने विकत घेऊन आपल्या धुरातून वजा करायचा. त्यातली एक अट नागभीडच्या माणसाने नीट समजून घ्यावी. पैसे फक्त जास्तीच्या बचतीला मिळतात. तुटणारं जंगल योजनेमुळे वाचलं तर क्रेडिट. तुटणारच नव्हतं, तर काही नाही. म्हणजे कुऱ्हाड उगारून थांबला त्याला मोबदला, आणि पिढ्यानपिढ्या जंगल राखणाऱ्या गावाची झोळी रिकामी. हा हिशेब मला मान्य नाही.

धूर कुणाचा, हेही बघा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, एका युनिटमागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. राख आपल्या जिल्ह्यात पडते आणि 1,500 मेगावॉटची लाइन साडेसातशे किलोमीटर धावत पडघ्याला, मुंबईच्या दारात जाते. तिथला एसी दोन तास कमी चालला तर इथला कोळसा वाचेल. क्रेडिट विकत घेण्याआधी ते करा.

आपणही कमी करू. लिटरभर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गावातल्या गावात तरी सायकल काढावी. पण नागभीड–नागपूर छोटी रेल्वे लाइन 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा तिचा प्रवासी बस आणि मोटारसायकलवर आला. तो वाढीव धूर काही त्याच्या चैनीचा नव्हे.

आता जंगल राखणाऱ्या गावांकडे या. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने आधी वर्षानुवर्षे जंगल राखलं, 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला. तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. कार्बनच्या बाबतीत गावांना असं ताटकळत ठेवू नका. उद्या कुणी तीस-चाळीस वर्षांचा करार घेऊन आलं, तर सही करण्याआधी भर ग्रामसभेत विचारा: सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता, चराई यांवर बंदी येणार का? टनाला किती रुपये? मधला किती घेणार? आणि वणवा लागला तर नुकसान कुणाच्या माथी?

कागद मात्र मराठीतच मागा.